युनिट तेच, घड्याळ वेगळं : बेसल इन्सुलिनच्या अदलाबदलीचा इतिहास



गेल्या व्याख्यानात आपण १९२२ सालच्या टोरांटोपर्यंत येऊन थांबलो होतो. आज तिथून पुढे निघायचं आहे. पण आजचा विषय शोधाचा नाही, तसा घरगुतीच आहे. मधुमेह असलेल्या घरात हा प्रश्न कधी ना कधी येतोच : डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन बदलून दिलं. आधीचं वीस युनिट घेत होतो. आता नव्याचंही वीसच घ्यायचं का?

वरवर पाहिलं तर यात विचारण्यासारखं काय आहे, असं वाटतं. वीस रुपयांची जुनी नोट देऊन वीसची नवी घेतली, तर किंमत तीच राहते. मग वीस युनिटला वीस युनिट का नाही? याचं उत्तर कधी ‘हो’ असतं, कधी ‘सोळा घ्या’ असतं, कधी ‘वीसने सुरू करा, पण पुढे वाढवावं लागेल’ असं असतं. ही उत्तरं कुणाच्या लहरीतून आलेली नाहीत. प्रत्येकामागे इतिहास आहे, आणि त्या इतिहासात रसायनशास्त्राइतकाच बाजारही आहे. तोच आज आपण बघणार आहोत.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. आपण इथे इतिहास ऐकायला जमलो आहोत. यातले आकडे ऐकून कुणी आपला डोस परस्पर बदलू नये. मात्र डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, हे या इतिहासातून नक्की कळतं.

युनिट म्हणजे नेमकं काय?

आधी युनिटकडे बघू. साखर आपण किलोत मोजतो, दूध लिटरमध्ये. इन्सुलिन मात्र सुरुवातीला वजनात मोजताच येत नव्हतं. टोरांटोत बँटिंग, बेस्ट, मॅक्लाउड आणि कॉलिप यांच्या हाती जो अर्क होता, तो जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेला होता आणि अशुद्ध होता. एका घाण्यात इन्सुलिन जास्त उतरे, दुसऱ्यात कमी. मग मोजायचं कसं? त्यांनी ससा घेतला. सुमारे दोन किलो वजनाच्या उपाशी सशाची साखर काही तासांत ठराविक पातळीपर्यंत उतरवायला जेवढा अर्क लागेल, ते एक युनिट. पुढे रुग्णांसाठी हे माप फार मोठं आहे असं दिसल्यावर त्याचा एक तृतीयांश भाग म्हणजे एक युनिट, असं ठरलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. युनिट हे परिणामाचं माप आहे. साखर किती उतरते, ते त्यात आहे. ती कधी उतरायला लागेल, कधी सर्वांत जास्त उतरेल आणि परिणाम कधी संपेल, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही. १९२२ मध्ये तशी गरजही नव्हती, कारण इन्सुलिन एकाच प्रकारचं होतं. अर्ध्या तासात कामाला लागायचं आणि सहा-आठ तासांत संपायचं.

आता अडचण कुठे आली, तर रात्री. आपल्याला वाटतं, जेवलो की साखर वाढते, नाही जेवलो तर नाही वाढत. पण माणूस झोपलेला असतानाही यकृत रक्तात थोडी थोडी साखर सोडत असतं. मेंदूला ती चोवीस तास लागते. निरोगी शरीरात स्वादुपिंड त्यासाठी थेंब थेंब इन्सुलिन सतत देत राहतं. चुलीवर मंद आच ठेवावी, तसं. या मंद आचेलाच बेसल, म्हणजे पायाभूत, इन्सुलिन म्हणतात. टाइप १ च्या रुग्णात ही आच विझलेली असते. १९२२ च्या इन्सुलिनने ती टिकवायची, तर मध्यरात्री उठून पुन्हा सुई टोचावी लागे. लहान मुलांच्या आया गजर लावून उठत. जेवणाची साखर सांभाळता येऊ लागली होती, रात्रीची नाही.

हॅगडॉर्न आणि मासा

आता आपल्याला डेन्मार्कला जायचं आहे. ऑगस्ट क्रोघ हे कोपनहेगनचे शरीरशास्त्रज्ञ. १९२० चं नोबेल त्यांना मिळालेलं होतं. त्यांच्या पत्नी मारी स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांना मधुमेह होता. १९२२ मध्ये दोघं अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना क्रोघ टोरांटोला गेले आणि इन्सुलिन बनवण्याची परवानगी घेऊन परतले. हान्स क्रिश्चन हॅगडॉर्न या डॉक्टरांबरोबर त्यांनी नॉर्डिस्क इन्सुलिन प्रयोगशाळा उभी केली. या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या पेडरसन बंधूंनी १९२५ मध्ये नोवो नावाची दुसरी कंपनी काढली. ही दोन नावं ध्यानात ठेवा. पुढची साठ-पासष्ट वर्षं या दोन शेजाऱ्यांची चुरस चालली, आणि १९८९ मध्ये त्या एकत्र येऊन नोवो नॉर्डिस्क झाली.

हॅगडॉर्न यांनी विचार केला की इन्सुलिन त्वचेखाली लवकर विरघळतं, म्हणून लवकर संपतं. ते विरघळायला कठीण केलं तर? त्यांनी ट्राउट माशाच्या वीर्यातून मिळणारं प्रोटामिन नावाचं प्रथिन इन्सुलिनला जोडलं. या जोडीचा त्वचेखाली साका होतो आणि त्यातून इन्सुलिन हळूहळू सुटत राहतं. १९३६ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी टोरांटोच्या स्कॉट आणि फिशर यांनी त्यात जस्त मिसळलं, तेव्हा परिणाम चोवीस तासांच्याही पुढे गेला. हेच प्रोटामिन झिंक इन्सुलिन. बॉस्टनचे प्रसिद्ध मधुमेहतज्ज्ञ जोस्लिन यांनी या काळाला थेट ‘हॅगडॉर्न युग’ असं नाव दिलं.

तर बेसल इन्सुलिनची ही पहिली मोठी अदलाबदल. तीन-चार सुयांवरून एक सुई. लोकांना केवढा दिलासा वाटला असेल! पण लगेच ध्यानात आलं की जुनी युनिटं गोळाबेरीज करून नव्यात टाकली की गणित चुकतं. जुनं इन्सुलिन जेवणाच्या वेळी जोरात काम करायचं, नवं तिथे मंद. उलट नवं मध्यरात्री जागं राहायचं आणि झोपेतच साखर खाली जायची. शिवाय जेवणासाठी जुनं साधं इन्सुलिन त्याच सिरिंजमध्ये मिसळलं, तर बाटलीतलं जादा प्रोटामिन त्यालाही धरून ठेवी आणि तेही मंद होऊन बसे. युनिटं होती तेवढीच, परिणाम पूर्ण वेगळा.

दोन शेजारी, दोन घड्याळं

यावर उपाय नॉर्डिस्कमधूनच आला. क्रायेनब्यूल आणि रोझेनबर्ग यांनी १९४६ मध्ये इन्सुलिन आणि प्रोटामिन यांचं प्रमाण इतकं नेमकं जुळवलं की दोन्हींपैकी काहीच जादा उरत नाही. त्यामुळे साधं इन्सुलिन त्यात बिनधास्त मिसळता येऊ लागलं. हे १९५० मध्ये बाजारात आलं. न्यूट्रल प्रोटामिन हॅगडॉर्न, म्हणजे आपलं एनपीएच. केलं दुसऱ्यांनी, पण नाव राहिलं हॅगडॉर्न यांचं. हे एनपीएच आजही आपल्या सरकारी दवाखान्यांतून मिळतं. दुधाळ दिसणारी बाटली, तळहातांमध्ये हलकेच फिरवून मग घ्यायची, ती हीच.

शेजारची नोवो गप्प बसणार नव्हती. तिथल्या हालस-म्योलर यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रोटामिन पूर्ण टाळून नुसत्या जस्ताच्या जोरावर लांब चालणारं इन्सुलिन तयार केलं. बारीक कणांचं सेमीलेन्टे, मोठ्या स्फटिकांचं अल्ट्रालेन्टे, आणि दोन्हींचं तीस-सत्तर मिश्रण म्हणजे लेन्टे.

आता तुम्ही म्हणाल, दोन कंपन्यांच्या दोन बाटल्या, त्यात एवढं काय? रुग्णाच्या बाजूने बघा. एनपीएचवाल्याला सकाळी साधं इन्सुलिन एकाच सिरिंजमध्ये ओढून ठेवता येई. लेन्टेवाल्याला मिसळल्याबरोबर टोचावं लागे, कारण जादा जस्त साध्या इन्सुलिनला मंद करी. आणि एनपीएच व लेन्टे एकमेकांत मिसळायचेच नाहीत, कारण एकातला फॉस्फेट दुसऱ्यातल्या जस्ताचा साका करतो. म्हणजे एका बाटलीवरून दुसरीवर जाताना नुसता आकडा नाही, सकाळची सगळी सवय बदलायची. हे ज्याला कुणी सांगितलं नाही, त्याची साखर चढ-उतार करत राही आणि दोष मात्र पथ्यावर येई.

एनपीएचचा स्वभाव आपल्याकडच्या घरांना चांगला ठाऊक आहे. टोचल्यावर साधारण सहा-आठ तासांनी त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. रात्री आठला घेतलं, तर जोर येतो पहाटे दोन-तीनला. झोपण्यापूर्वी दूध किंवा पोळीचा तुकडा खा, असं जे सांगतात, ते यासाठी. सकाळी घेतलं, तर दुपारचं जेवण वेळेवर हवंच. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबणाऱ्या माणसाला हे इन्सुलिन थांबू देत नाही. त्याचं घड्याळ आपल्या घड्याळाप्रमाणे चालत नाही, आपल्याला त्याच्याप्रमाणे चालावं लागतं.

चाळीस आणि शंभर

मध्येच एक वेगळा बदल येतो, तो बाटलीच्या ताकदीचा. पूर्वी एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट किंवा ऐंशी युनिट असत. दोन ताकदींमुळे घोटाळे होत, म्हणून १९७० च्या दशकात अमेरिकेने आणि १९८३ मध्ये ब्रिटनने शंभर युनिटची एकच ताकद स्वीकारली. आपल्याकडे मात्र साध्या आणि एनपीएच इन्सुलिनच्या बाटल्या अजूनही मोठ्या प्रमाणावर चाळीसच्या येतात, तर पेन आणि नव्या प्रकारची बरीच इन्सुलिनं शंभरची. म्हणून दोन वेगळ्या सिरिंज : चाळीससाठी लाल टोपीची, शंभरसाठी केशरी टोपीची.

समजा, कुणी शंभरच्या बाटलीतून लाल टोपीच्या सिरिंजने वीसच्या खुणेपर्यंत भरलं. लाल सिरिंजवर वीसची खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर. शंभरच्या बाटलीतला अर्धा मिलिलिटर म्हणजे पन्नास युनिट. हवी होती वीस, गेली पन्नास. अडीचपट! उलट चाळीसची बाटली आणि केशरी सिरिंज घेतली, तर वीसच्या जागी आठच युनिट पोटात जातात. बेसल इन्सुलिन बदलताना एनपीएचची बाटली जाऊन शंभरची बाटली घरात येते आणि जुन्या लाल टोप्यांचं पाकीट तसंच कपाटात असतं. ही गोष्ट पाठ्यपुस्तकातली नाही, कपाटातली आहे. बदलाच्या दिवशी कपाट रिकामं करणं हाही उपचाराचाच भाग आहे.

जनावराकडून माणसाकडे

पुढचं वळण १९८२ चं. तोपर्यंतचं इन्सुलिन गाय-बैल आणि डुक्कर यांच्या स्वादुपिंडातून येई. त्या वर्षी जेनेनटेकच्या तंत्राने जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन एली लिली कंपनीने बाजारात आणलं. आपल्याकडे मुंबईच्या वोक्हार्टने २००३ मध्ये आणि बंगळुरूच्या बायोकॉनने २००४ मध्ये देशात बनवलेलं मानवी इन्सुलिन आणलं. किंमत उतरायला त्याची मदत झाली. प्राण्यांच्या इन्सुलिनबद्दल ज्यांच्या मनात धर्माचा प्रश्न होता, त्यांचाही तो प्रश्न सुटला.

मग तक्रार कशाची? जनावरांच्या इन्सुलिनवर वर्षानुवर्षं असलेल्या काही रुग्णांच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली असत. ती इन्सुलिनला धरून ठेवत आणि सावकाश सोडत. म्हणजे शरीरानेच त्या इन्सुलिनचं घड्याळ लांबवलेलं असे. शिवाय मानवी एनपीएच आणि मानवी अल्ट्रालेन्टे मुळातच आधीपेक्षा लवकर सुरू होणारी आणि लवकर संपणारी होती. ‘हे तर तुमच्याच शरीरातलं इन्सुलिन’ असं सांगून तोच आकडा पुढे चालवला, तेव्हा काही जणांची साखर अचानक खाली जाऊ लागली.

याहून मोठा वाद झाला तो इशाऱ्यांचा. साखर उतरू लागली की घाम येतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं. युरोपात अनेक रुग्ण सांगू लागले की मानवी इन्सुलिनवर आल्यापासून हे इशारे येतच नाहीत, एकदम शुद्धच हरपते. १९८७ मध्ये स्वित्झर्लंडच्या दोन डॉक्टरांनी लॅन्सेटमध्ये याकडे लक्ष वेधलं. पुढे बरेच नियंत्रित अभ्यास झाले. सरासरी काढल्यावर दोन इन्सुलिनांत तसा ठोस फरक सापडला नाही.

तर मग ते रुग्ण खोटं बोलत होते का? आम्हांला तसं वाटत नाही. सरासरीत फरक नसला, तरी प्रत्येकाची अदलाबदल वेगळी असते. त्याच काळात साखर अधिक काटेकोर ठेवण्याकडे डॉक्टरांचा कल वाढत होता, आणि वारंवार साखर उतरली की इशारे बोथट होतात, हे आता आपल्याला माहीत आहे. बऱ्याच जणांची बाटली त्यांना नीट समजावून न सांगता बदलली गेली होती. औषध निर्दोष असलं, तरी अदलाबदल सदोष असू शकते. या वादातून घ्यायचा धडा हा.

नितळ बाटलीचा जमाना

१९९३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या १४४१ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. डीसीसीटी असं त्याचं नाव. टाइप १ मध्ये साखर काटेकोर सांभाळली, तर डोळे, मूत्रपिंड आणि मज्जातंतू यांचं नुकसान खूप कमी होतं, हे त्याने सिद्ध केलं. पण त्याची किंमतही समोर आली : काटेकोर गटात साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने जास्त. म्हणजे आता असं बेसल इन्सुलिन हवं होतं, ज्याला पहाटे तीनचा चढ नाही.

ते २००० साली आलं. ग्लार्जिन. इन्सुलिनच्या रेणूत तीन ठिकाणी फेरफार करून ते असं बनवलं की बाटलीतल्या आम्लात ते विरघळलेलं राहतं आणि त्वचेखाली, जिथे आम्लता नाही, तिथे त्याचा बारीक साका होतो. तो सुमारे चोवीस तास झिरपत राहतो. चढ जवळजवळ नाहीच.

इथे तो प्रसिद्ध ‘सोळा’चा नियम येतो. दिवसातून एकदा एनपीएच घेणाऱ्याने ग्लार्जिन तेवढ्याच युनिटने सुरू करावं. पण दोनदा घेणाऱ्याने दिवसभराची बेरीज करून तिच्या ऐंशी टक्क्यांनी सुरू करावं. दहा आणि दहा मिळून वीस, त्याचे सोळा. चढ नाहीसा झाल्यावर तेवढीच युनिटं दिवसभर सपाट पसरतात, आणि पहिल्या काही दिवसांत साखर उतरू नये म्हणून ही काळजी.

एक धोका मात्र कुणाच्या फारसा ध्यानात आला नव्हता. पन्नास वर्षं रुग्णांना शिकवलं होतं : दुधाळ बाटली लांब चालणारी, नितळ बाटली जेवणापूर्वीची. ग्लार्जिन नितळ होतं! आणि ते दुसऱ्या कशातही मिसळायचं नाही, असा नियम. म्हणजे डोळ्यांनी शिकलेला धडा एका दिवसात उलटा झाला. रात्री चुकून जेवणाआधीचं जलद इन्सुलिन बेसलच्या हिशेबाने घेतलं जाणं, ही चूक अशीच घडते.

मग २००४-०५ मध्ये डेटेमिर आलं. यात इन्सुलिनला एक मेदाम्ल जोडलेलं असतं, ते रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून राहतं. डेटेमिरच्या एका युनिटमध्ये मानवी इन्सुलिनच्या एका युनिटच्या चौपट रेणू असतात. तेवढाच परिणाम साधायला चौपट माल लागतो, म्हणून एक युनिट तेवढं मोठं ठरवलं. सशाची गोष्ट आठवा. युनिट मालाचं माप नाही, परिणामाचं आहे. आणि तरीसुद्धा एनपीएचवरून डेटेमिरवर गेलेल्या काही जणांना जास्त युनिटं लागतात, तर काहींना ते दिवसातून दोनदा घ्यावं लागतं.

डेग्लुडेक २०१३ मध्ये युरोपात आणि २०१५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्वचेखाली त्याच्या लांब साखळ्या तयार होतात आणि त्याचा परिणाम बेचाळीस तासांच्या पुढे जातो. वेळेत थोडं मागंपुढं झालं तरी ते सांभाळून घेतं. पण याच गुणामुळे उतावळेपणा महागात पडतो. आज वाढवलेल्या डोसचा पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी साखर बघून पुन्हा वाढवलं, तर सगळं एकावर एक साचतं.

२०१५ मध्येच ग्लार्जिनची तिप्पट दाट आवृत्ती आली, तीनशे युनिटची. औषध तेच, दाटपणा वेगळा, आणि तेवढ्यानेही घड्याळ बदललं. दाट द्रवाचा गोळा लहान असतो, त्यातून इन्सुलिन आणखी सावकाश सुटतं. शंभरच्या ग्लार्जिनवरून तीनशेच्यावर जाताना सुरुवात त्याच आकड्याने, पण पुढे बहुधा वाढवावं लागतं. उलट फिरताना मात्र ऐंशी टक्के. एकाच नावाच्या दोन पेनांत जाण्याचा आणि येण्याचा रस्ता वेगळा आहे, बघा. आणि त्या पेनमधून सिरिंजने इन्सुलिन कधीच ओढायचं नाही, तिप्पट जाईल.

बदल कोण ठरवतं?

आतापर्यंतच्या बहुतेक बदलांत काहीतरी सुधारणा होती. पण सगळे बदल सुधारणेसाठी होत नाहीत. २००५ मध्ये लिलीने आपली लेन्टे आणि अल्ट्रालेन्टे बंद केली. ज्यांचं त्यावर छान चाललं होतं, त्यांनाही दुसरीकडे जावंच लागलं. २०१७ मध्ये अमेरिकेत सीव्हीएस केअरमार्क या कंपनीने आपल्या औषधांच्या यादीतून लँटस हे मूळ ग्लार्जिन काढून त्याजागी लिलीचं बासाग्लार ठेवलं. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांना जानेवारीत येणारी अशी पत्रं परिचयाची असतील. २०२४ अखेर नोवो नॉर्डिस्कने डेटेमिरची विक्री अमेरिकेत पूर्ण थांबवली.

अर्थात बाजाराचा प्रत्येक बदल वाईटच, असंही नाही. मूळ औषधाशी अत्यंत मिळतीजुळती आवृत्ती, जिला बायोसिमिलर म्हणतात, ती घेताना युनिट तेच आणि घड्याळही तेच राहतं. आपल्या सगळ्या कहाणीत आकडा जसाच्या तसा पुढे नेता येतो, तो मुख्यतः इथेच. बायोकॉनने २००९ मध्ये भारतात आपलं ग्लार्जिन आणलं. त्याच कंपनीच्या सेम्गलीला जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत पहिलं ‘अदलाबदलयोग्य’ बायोसिमिलर इन्सुलिन म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे मूळ ग्लार्जिनऐवजी ते औषधविक्रेत्याला परस्पर देता येतं. बंगळुरूच्या कंपनीचं इन्सुलिन अमेरिकेत हा मान मिळवतं, ही लहान गोष्ट नाही. पण तिथेही पेन वेगळं असतं, आणि वयस्कर माणसाला नवं पेन हाताळून दाखवावंच लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये लांब पल्ल्याची ही नवी इन्सुलिनं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आपल्या राष्ट्रीय यादीत ग्लार्जिन २०२२ मध्ये आलं. पुढच्या काळात आपल्याकडे एनपीएचवरून ग्लार्जिनकडे जाणाऱ्यांची संख्या वाढेल, असं दिसतं. आणि कधी पैसे संपले म्हणून, कधी पुरवठा नाही म्हणून, लोक उलटेही येतील. तो उलटा प्रवास जास्त जपून करावा लागतो, कारण विसरलेला पहाटेचा चढ परत येतो.

शेवटचा टप्पा आठवड्याच्या इन्सुलिनचा. आयकोडेक मे २०२४ मध्ये युरोपात मंजूर झालं. आठवड्यातून एकच सुई. रोज वीस घेणाऱ्याचे सातपट, म्हणजे आठवड्याला १४०. शिवाय शरीरात साठा लवकर जमावा म्हणून फक्त पहिल्या वेळी दीडपट, म्हणजे २१०, घेण्याची सोय. दुसऱ्या आठवड्यापासून पुन्हा १४०. हा आकडा ऐकून कुणालाही धडकी भरेल, आणि दीडपट डोस चुकून दुसऱ्या आठवड्यातही घेतला तर भरायलाच हवी! टाइप १ च्या रुग्णांत त्याने साखर उतरण्याचे प्रसंग जास्त दिसले, म्हणून अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने त्याच महिन्यात त्यांच्यासाठी विरोधात मत दिलं. आठवडाभर मागे घेता न येणारं औषध म्हटल्यावर ही सावधगिरी समजण्यासारखी आहे.

तर मंडळी, वीसला वीस का, या प्रश्नाकडे परत येऊ. शंभर वर्षांत बेसल इन्सुलिन सशापासून आठवड्याच्या सुईपर्यंत आलं, पण युनिट अजून तेवढंच सांगतं, जेवढं सशाने सांगितलं होतं. उरलेलं विचारून घ्यावं लागतं. म्हणून बदलाच्या दिवशी पाच प्रश्न. हे औषध नवं आहे, की जुन्याचीच दुसरी आवृत्ती? सुरुवात किती युनिटने, आणि जुन्याचा शेवटचा डोस कधी? याचा जोर कधी येतो आणि ते किती तास चालतं? पहिला आठवडा साखर कोणत्या वेळी तपासायची, पहाटे तीनला एकदा तरी तपासायची का? आणि बाटलीची ताकद कोणती, सिरिंज किंवा पेन कोणतं?

बदल डॉक्टरांनी ठरवलेला असो, कंपनीने किंवा विमावाल्यांनी, पहाटे तीन वाजता जागं राहणारं माणूस घरातलंच असतं. त्याच्या हातात नव्या आकड्याबरोबर नवं घड्याळही दिलं गेलं पाहिजे, एवढंच आमचं म्हणणं.

आता प्रश्नोत्तरांकडे वळू.